गच्चीवरचे वाफे

पाळणा आधी बेडरूमच्या खिडकीपाशी होता. जुलैच्या मध्यात तिथे छतातून पहिला थेंब पडला, तो थेट दुर्वाच्या दुपट्यावर. मयुरीने पाळणा कपाटाकडे सरकवला. आठ दिवसांनी कपाटाच्या वरही ओल धरली, तेव्हा तो दाराशी आला. दारातून हॉलमध्ये, हॉलमध्ये टीव्हीखाली. टीव्हीखाली पंख्याचा वारा नीट लागत नाही म्हणून पोरगी दुपारची झोपेना, तेव्हा पुन्हा दाराशी. अजून धड चालताही न येणाऱ्या पोरीने महिन्याभरात पाच जागा बदलल्या होत्या. बेडरूमच्या कोपऱ्यात मात्र बादली ठाण मांडून बसली होती. पाऊस असला की टप्, टप्, आणि पाऊस थांबला तरी पुढे दोन तास टप्, टप्.

घर नवं होतं, हीच तर खरी बोच होती. जुन्या घराने गळावं, त्याला कोणी नावं ठेवत नाही. पण गिरणादर्शनमध्ये राहायला येऊन वर्षही झालं नव्हतं. जळगावच्या बाहेर, महामार्गापासून थोडं आत, पाच मजल्यांची आणि दहा फ्लॅटची ही बिल्डिंग. नावात गिरणा असली तरी गच्चीवरून दिसायचं ते समोरचं मंगल कार्यालय आणि त्याच्या मागची कपाशी. मयुरीचा फ्लॅट पाचशे एक, अगदी वरचा. शेजारचा पाचशे दोन पुण्याच्या कोणी घेऊन कुलूप लावून ठेवला होता. म्हणजे छत गळलं की ते एकट्या मयुरीच्या डोक्यावर. तिचा नवरा स्वप्नील धुळ्याला बँकेत होता. तिथेच खोली घेऊन राहायचा आणि रविवारी सकाळच्या गाडीने यायचा.

बुधवारी दुर्वाला मुगाचं खिमट भरवताना फोन वाजला. बिल्डिंगच्या ग्रुपवर सेक्रेटरी भूपेंद्रभाऊंनी एका कागदाचा फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं, ‘रविवारी सकाळी दहाला पार्किंगमध्ये मीटिंग. नवलशेठ स्वतः येणार आहेत. सह्यांसाठी सर्वांनी हजर राहावे.’

नवलशेठ म्हणजे बिल्डर. कागद त्यांच्याच ऑफिसातून टाइप होऊन आला होता. लिफ्ट महिनाभरात दुरुस्त करून देऊ, सगळ्यांच्या बाथरूमची गळती काढून देऊ, बाहेरच्या भिंतींच्या भेगा भरून देऊ, असं त्यात होतं. आणि शेवटी एक परिच्छेद: ‘इमारतीच्या गच्चीवर रहिवाशांनी विस्तव पेटविल्याने तेथील वॉटरप्रूफिंगचे नुकसान झाले असून, त्याबाबत आमची विकासकाविरुद्ध कोणतीही तक्रार नाही व पुढेही राहणार नाही.’

मयुरीने तो चार वेळा वाचला. ‘रहिवाशांनी’ या शब्दाशी ती दर वेळी अडखळली. विस्तव कोणी पेटवला ते सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतं. आणि तो कोणी रहिवासी नव्हताच. तो तिचा बाप होता.

त्याचं असं झालं होतं. दुर्वा झाली पहूरला, मयुरीच्या माहेरी. दोन महिन्यांची झाल्यावर, डिसेंबरात, लीलाधर आबा लेकीला आणि नातीला पोहोचवायला आले. बाळंतीण घरी पोहोचवायची तर हात हलवत कसं जायचं? शिवाय लेकीच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आपल्याला ओळखलं पाहिजे. म्हणून आबांनी मळ्यातली दोन गोण्या भरताची वांगी आणली, आणि भाजायला कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचे भारे. भरीत गॅसवर करणं आबांना मान्यच नव्हतं. गॅसवर वांगं शिजतं, भाजत नाही, असं त्यांचं म्हणणं. पार्किंगमध्ये गाड्या होत्या, म्हणून सगळ्यांनी मिळून गच्ची ठरवली. पऱ्हाट्यांचा जाळ कमरेएवढा उठला. लाकडी बडगीत वांगी ठेचली, वरून मिरची, लसूण, कांद्याची पात. नऊच्या नऊ बिऱ्हाडांत कोणी कोणाला ओळखत नव्हतं, ते त्या दुपारी एका पंगतीला बसले. नवलशेठनाही बोलावलं होतं. त्यांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून तीनदा भरीत घेतलं आणि म्हणाले, “आबा, बिल्डिंग मी बांधली, पण वास्तुशांत तुम्ही केली.”

त्या पंगतीचे फोटो ग्रुपवर पडले होते. जाळाचा फोटोही. आता नवलशेठच्या फाइलीत तोच सगळ्यात वर होता.

तिने धुळ्याला फोन लावला.

“वाचलं मी,” स्वप्नील म्हणाला. मागे कॅश मोजायच्या मशीनची खरखर चालू होती. “मयू, खरं सांगू का? पेटवलं तर आपणच.”

“मग?”

“मग काय. बाकीच्या आठ घरांची कामं होतायत. आपण एकटे आडवे पडलो तर लोक काय म्हणतील? आपलं आपण करून घेऊ छत. दिवाळीनंतर बघू.”

“आणि दिवाळीपर्यंत दुर्वाला कुठे ठेवू? माळ्यावर?”

“इकडे ये ना महिनाभर. खोली लहान आहे, पण कोरडी आहे.”

ती चमच्याने खिमट ढवळत राहिली. नवं घर सोडून भाड्याच्या खोलीत, तेही आपल्या बापाच्या नावावर खापर फुटू देऊन. दुर्वाने तेवढ्यात खिमटाची वाटी उलटी केली आणि फोन ठेवावाच लागला.

गुरुवारी पावसाने उघडीप दिली. दुर्वाला कडेवर घेऊन मयुरी गच्चीवर गेली. जाळ केला होता तिथे, जिन्याच्या खोलीच्या बाजूला, गच्चीभर बसवलेल्या चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांवर, चायना चिप्सवर, काळा डाग अजून होता. ती खाली बसली आणि नखाने टोकरून पाहिलं. चिप्स तडकलेल्या होत्या. दोन तर हातातच आल्या. दुर्वाने त्यातली एक तोंडात घालायचा प्रयत्न केला, ती काढून घेताना पोरगी रडली, आणि तिला थोपटता थोपटता मयुरी गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उगाच येरझाऱ्या घालत राहिली. काळा डाग तिच्या स्वयंपाकघराच्या वर येत होता. गळत होती ती बेडरूम, पार दुसऱ्या टोकाला. हे तिने नवलशेठना मागेच फोनवर सांगितलं होतं. ते म्हणाले होते, “वहिनी, पाणी कुठून शिरतं आणि कुठे निघतं, हे देवालाही सांगता येत नाही.”

उतरताना चौथ्या मजल्यावर मंजुळाबाई दारात पायपुसणं झटकत होत्या. चारशे एक, मयुरीच्या बरोबर खालचं घर. मूळच्या पारोळ्याच्या, मुलाकडे राहायला आलेल्या. त्यांच्या बाथरूमच्या छतातून मयुरीच्या बाथरूमचं पाणी झिरपायचं, त्यावरून दोन महिने दोघींत धड बोलणं नव्हतं.

“काय व, गच्चीवर काय सापडनं?” मंजुळाबाईंनी विचारलं.

“काही नाही अक्का. चिप्स तडकल्यात तिथे.”

“तडकतीनच. एवढा जाळ व्हता.” त्यांनी पायपुसणं दारावर टाकलं. “माले तुनं वाईट वाटस, पोरी. पन मी सही करसू. रोज आंघोळ करताना डोक्यावर तुन्या मोरीनं पाणी पडस. किती दिन छत्री लिसन न्हाऊ?”

आंघोळीला छत्री, हे डोळ्यांसमोर येऊन मयुरीला हसू आलं, आणि हसू आल्याचाच रागही आला. चूक त्यांची तरी काय होती?

त्या दिवशी तिने पहूरला फोन केला. आबांना काही सांगायचं नाही असं ठरवूनच केला होता. पण आबांनी “पोरगी कशी आहे?” विचारलं, आणि तिने “पाळण्यात आहे” म्हटलं, आणि आबांनी “पाळणा कुठं आहे आता?” विचारलं, तेव्हा सगळं बाहेर आलं. कागद, फोटो, काळा डाग, हातात आलेल्या चिप्स.

पलीकडे आबा कोणाला तरी मोटर बंद कर म्हणाले.

“आबा?”

“आयकू राह्यनो.” मग घसा खाकरून ते म्हणाले, “पाणी कुठून शिरतं ते कयत नाही, असं म्हणे तो?”

“हो.”

“चाळीस वर्षं मी दुसरं काय केलं मग? उघडीप आहे अजून दोन दिवस. शनवारी येतो.”

शनिवारी सकाळी सातला केळीची एक पिकअप बिल्डिंगपुढे थांबली. तिच्यातून आबा उतरले, पांढरा पायजमा, टोपी, खांद्यावर फावडं. मागोमाग काळ्या मातीच्या चार गोण्या. लिफ्ट बंद. ड्रायव्हरने आणि आबांनी गोण्या पाच मजले चढवल्या. आबांचं वय पासष्ट. मयुरी मधे पडायला गेली तर म्हणाले, “तू पोरगी धर.”

गच्चीवर त्यांनी आधी काहीच केलं नाही. एक तांब्या पाणी मधोमध ओतलं आणि ते कुणीकडे पळतं ते पाहत उकिडवे बसले. मग उठून फावड्याच्या दांड्याने रेघा ओढल्या. मयुरीच्या घरावरच्या गच्चीचे त्यांनी चार वाफे पाडले. मातीत पाणी घालून तिचा चिखल केला, पायाने तुडवला, आणि वीतभर उंचीचे बांध घातले, शेतात घालतात तसेच, हाताने थापून, कडा गुळगुळीत करून. पहिला वाफा काळ्या डागाचा, तो सगळ्यात उंचावर. शेवटचा कोपऱ्यातला, पावसाचं पाणी जिथून पाइपात उतरतं तिथला, खाली बेडरूम. पाइपाच्या तोंडात त्यांनी पोतं कोंबलं.

“एकेका वाफ्याले बारं द्यायचं,” ते म्हणाले. “एक भरायचा, बाकीचे कोरडे. तू खाली छताकडे पाहायचं. मग पाहू, देवाले सांगता येते का नाही.”

बोअरची मोटर सुरू झाली तसे भूपेंद्रभाऊ टॉवेलवरच वर आले. इन्शुरन्सची एजन्सी चालवणारा हा माणूस एरवी कोणाला दुखवायचा नाही, पण बांध पाहून त्यांचा चेहरा पडला.

“आबा, हे काय मांडलंय? लाइट बिल सोसायटीचं येतं.”

“किती येईल?”

“तसं नाही हो. उद्या मीटिंग आहे. नवलशेठना कळलं तर म्हणतील, बघा, आता शेतीच करायला लागले गच्चीवर.”

“म्हणू द्या,” आबा पाइप धरून म्हणाले. “भुईमूग निघाला तर त्याहिले पोचता करीन.”

भूपेंद्रभाऊ डोकं हलवत खाली गेले. मोटर मात्र त्यांनी बंद केली नाही.

नऊला पहिला वाफा भरला. मयुरी खाली स्वयंपाकघरात आली. दुर्वाला ओट्याजवळ सतरंजीवर बसवून तिने समोर डबे दिले. पोरगी डबे वाजवत होती आणि मयुरी छताकडे बघत होती. दहा वाजले. तिने कणीक मळली, वर पाहिलं. अकरा. पोळ्या झाल्या. मान अवघडली. दर पंधरा मिनिटांनी जिन्यातून आबांची हाक यायची.

“काय व माय, आलं का काही?”

“नाही आबा.”

साडेबाराला दुर्वाला झोपवून ती परत आली. ट्यूबलाइटच्या पट्टीशेजारी छतावर रुपयाएवढा करडा डाग होता. आधी वाटलं, सावली आहे. खुर्चीवर चढून तिने बोट लावलं. बोट ओलं झालं.

खुर्चीवर उभी असतानाच जिन्यातून हाक आली.

“मयुरे, आलं का काही?”

तिने बोट गाऊनला पुसलं.

“नाही आबा. कोरडं आहे.”

आपण असं का बोललो, हे तिचं तिलाही कळलं नाही. वाटलं एवढंच, की बाप चार गोण्या माती पाच मजले चढवून आला तो स्वतःवरचा डाग पुसायला, आणि आपणच त्याला कसं सांगायचं की डाग खरा आहे? ती खुर्चीवरून उतरली. ताट वाढायला घेतलं. दोनदा मीठ वाढलं गेलं.

आबा जेवायला खाली आले. हातपाय धुऊन पाटावर बसले, आणि पहिला घास घ्यायच्या आधी मान वर करून छत पाहिलं. डाग आता बशीएवढा झाला होता.

ते पाहतच राहिले. मयुरी ओट्याला टेकून उभी होती.

“खोटं काहून बोलली?” त्यांनी हळू विचारलं.

“आबा, इथे याआधी कधी एक थेंब आला नाही. पावसाचं पाणी वर साचत नाही, उताराने निघून जातं. आपण मुद्दाम साचवलं म्हणून…”

“ते खरं. पण गळलं ना?”

तिने पोळ्यांचा डबा त्यांच्याकडे सरकवला.

“विस्तव माह्या हातचा होता,” आबा म्हणाले. “मी खाली पत्रा अंथरायला पाहिजे होता. शेतात सवय नाही राहत, जमिनीले काय होते? इथं जमीन नव्हती, कोनाचं तरी छत होतं. माह्याच लेकीचं.” त्यांनी घास घेतला, बराच वेळ चावला. “आता आयक. हे लपवलं तर पुढचे तीन वाफे भरण्यात अर्थ नाही. उद्या तू मीटिंगमधी जे सांगशील त्यातलं एक खोटं निघालं का बाकीचं खरंबी कोणी धरत नाही. समजलं?”

“समजलं.”

“मंग मीठ कमी घालत जा,” ते म्हणाले आणि पुढे गुमान जेवले.

दुपारी त्यांनी बांध फोडून पाणी खालच्या दोन वाफ्यांत सोडलं. पाचपर्यंत तिथे खाली काही नाही, हॉलचं छत खडखडीत कोरडं. मग तेच पाणी कोपऱ्यातल्या वाफ्यात. पाच वाजून दहा मिनिटांनी वाफा भरला. साडेपाचला बेडरूमच्या छतावर पाणी दिसलं, आणि पावणेसहाला बादलीत टप्. मग टप्, टप्. मग थेंब मोजता येईनात, बारीक धारच लागली. मयुरी जिना चढत वर पळाली. आबा कोपऱ्यात गुडघे टेकून बसले होते. गच्ची आणि कठडा मिळतात तिथे सिमेंटची गोलसर पट्टी ओढलेली असते, गवंडी तिला वाटा म्हणतात. ती पट्टी कठड्यापासून सुटली होती. आबांनी करंगळी घातली, ती पेरभर आत गेली. पाइपाच्या तोंडाभोवती तर सिमेंट नव्हतंच, नुसता चिखल फासावा तसा चुना.

“इथं जाळ नव्हता केला आपण,” आबा म्हणाले.

शेवटच्या गाडीने ते पहूरला गेले आणि रविवारी पहिल्या गाडीने येऊन त्यांनी कोपऱ्यातला वाफा पुन्हा भरला. तोपर्यंत स्वप्नीलही धुळ्याहून आला होता. त्याने बेडरूममधली धार पाहिली, स्वयंपाकघरातला डाग पाहिला, सासऱ्यांच्या चिखलाने माखलेल्या पायजम्याकडे पाहिलं. “मला वाटलं होतं…” असं काहीतरी म्हणून तो थांबला, आणि बादली ओतून आला.

दहाला पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. नवलशेठ पांढऱ्या शर्टात, पेन हातात घेऊनच बसलेले. भूपेंद्रभाऊंनी कागद वाचून दाखवला. लिफ्टपाशी माना हलल्या, बाथरूमपाशी जास्त हलल्या. गच्चीच्या परिच्छेदापाशी ते भराभर वाचू लागले.

“भाऊ, थांबा जरा,” मयुरी म्हणाली. दुर्वा तिच्या कडेवर होती आणि पोरीने आईचं मंगळसूत्र मुठीत घट्ट धरलं होतं. “सही करायच्या आधी मला एक सांगायचंय. काल आम्ही गच्चीवर पाणी भरून पाहिलं. चार जागी, वेगवेगळं. जाळ केला होता ती जागा गळते. माझ्या स्वयंपाकघरात. जाळ माझ्या वडिलांनी केला होता.”

स्वप्नीलने खाली पाहिलं. नवलशेठनी पेनाचं टोपण काढलं.

“झालं तर मग,” ते म्हणाले. “वहिनी प्रामाणिक आहेत, मी मानतो. आता वाद कुठे राहिला?”

“वाद वर राहिलाय शेठ. तीन जागा अजून सांगायच्या आहेत. मीटिंग आमच्या बेडरूममध्ये घेऊ.”

“बेडरूममध्ये?”

“लिफ्ट बंद आहे, चालत यावं लागेल,” ती म्हणाली आणि जिन्याकडे वळली.

आधी भूपेंद्रभाऊ उठले, मग त्यांच्या मागे दोघं-तिघं, मग सगळेच. नवलशेठना उठावंच लागलं. तिसऱ्या मजल्यावर ते थांबले, रुमालाने मान पुसली. मागून मंजुळाबाई म्हणाल्या, “शेठ, लिफ्ट लवकर करी टाका हां, तुमनासाठीच सांगस.” जिन्यात हशा झाला.

बेडरूममध्ये चौदा माणसं मावली, पलंगाला आणि कपाटाला चिकटून. मधे बादली. धार चालूच होती. भूपेंद्रभाऊंनी वर पाहायला मान उचलली आणि एक थेंब त्यांच्या चष्म्यावर पडला. त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही, तसाच हातात धरून उभे राहिले.

“ही जागा जाळापासून तीस फूट लांब आहे,” मयुरी म्हणाली. “मधल्या दोन्ही वाफ्यांखालचं छत कोरडं राहिलं. हवं तर वर चला, आबा तिथेच आहेत. वाट्यात बोट जातं.”

“अहो पण पाणी भरलं तर गळणारच,” नवलशेठ म्हणाले. “गच्ची आहे ती, विहीर नाही. असं वीतभर पाणी कोणती गच्ची धरेल?”

“शेठ,” भूपेंद्रभाऊ अजून चष्मा हातात धरूनच म्हणाले, “ताबा देताना तुम्हीच सांगितलं होतं ना, दोन दिवस पाणी भरून ठेवून गच्ची तपासली म्हणून? मी तेव्हा हेच विचारलं होतं.”

नवलशेठ छताकडे पाहत राहिले, जणू ते दुसऱ्या कोणी बांधलं होतं.

“ते राहू द्या,” मागून दोनशे एकवाले म्हणाले. “आमच्या लिफ्टचं काय? ह्यांच्या छतापायी आमचं काम लटकायचं का? विस्तव ह्यांचा, हे कबूल झालंय.”

“विस्तव यांचा?” मंजुळाबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, त्या तिथूनच बोलल्या. “भरीत बठ्ठास्नी खादं, मंग इस्तो एकलाना कसा? तुम्ही तर डबा भरीसन घर लयी गयथात. मी दखं ना.”

दोनशे एकवाल्यांचे कान लाल झाले. त्यांची बायको म्हणाली, “अक्का, ते मुलासाठी नेलं होतं.”

“पोऱ्यासाठी का व्हयेना. खादं ना?” मग त्या मयुरीकडे वळल्या. “तुन्या मोरीनं पाणी मना डोक्यावर पडस, ते मी सोडाव नई. पन तुना छतावरनं पाणी कोनं सांडं ते आते माले समजनं.”

मयुरीने दुर्वाला स्वप्नीलकडे दिलं. काल रात्रभर मनात जुळवलेलं तिने पलंगावर बसून एका कागदावर उतरवलं. जिथे जाळ झाला तेवढ्या जागेची दुरुस्ती रहिवासी स्वतःच्या खर्चाने करतील. कठड्याचा वाटा, पाइपाचं तोंड आणि बाकी गच्ची बिल्डरने करून द्यावी, लिफ्ट आणि बाथरूमच्या बरोबरीने. खाली तिने सही केली. स्वप्नीलने पोरीला एका हातात धरून दुसऱ्याने केली. मग मंजुळाबाईंनी, मुलाला न विचारता. भूपेंद्रभाऊंनी चष्मा घातला, कागद पुन्हा वाचला, आणि ‘रहिवासी’ खोडून त्यावर ‘सर्व रहिवासी’ असं लिहून सही केली. एकूण सहा घरांच्या झाल्या. तीन घरांनी केल्या नाहीत. दोनशे एकवाले तर न बोलताच खाली निघून गेले.

नवलशेठनी आपला टाइप केलेला कागद घडी करून खिशात ठेवला. नव्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढला.

“उद्या योगराजला पाठवतो, माझा इंजिनिअर,” ते म्हणाले. “त्याने त्याच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी शब्द देत नाही. आज पाहिलं ते मी काही मानलं नाही, हे लक्षात ठेवा.”

“किती वाजता येतील?” मयुरीने विचारलं.

“येईल सकाळी कधीतरी.”

सगळे गेल्यावर ती वर गेली. आबा कोपऱ्यातल्या वाफ्यात पाइप सोडून बसले होते. पाणी बोटभर उतरलं होतं. जेवढं उतरलं तेवढं खाली बेडरूममध्ये गेलेलं. तिने सगळं सांगितलं. सहा सह्या, तीन नाहीत, उद्या इंजिनिअर.

“मंग उद्यालोक वाफा भरेल पाहिजे,” आबा म्हणाले. “कोरडा झाला तर तो म्हणीन, कुठं गळते?”

“दर दोन तासांनी भरावा लागेल आबा. रात्रीसुद्धा.”

आबांनी घड्याळाकडे पाहिलं. चारची गाडी, मग सहाची. लग्नाला चार वर्षं झाली, पण ते लेकीच्या घरी कधी राहिले नव्हते. जेवून निघायचे. मयुरीने कधी आग्रह केला तर जनावरांचं नाव सांगायचे, आणि जनावरांना बघायला कोणी असलं तर बसचं.

“आईला फोन करू?” तिने विचारलं.

आबा वाफ्याच्या बांधावर पडलेली चीर अंगठ्याने दाबून बुजवत राहिले.

“माह्या कपड्याचं सांग तिले. नाही, राहू दे. स्वप्नीलची लुंगी असेल ना?”

“आहे.”

“मंग कर.”

संध्याकाळी दुर्वा दाराशी पाळण्यात झोपली. स्वप्नील परत धुळ्याला निघाला, जाण्याआधी एकदा वाफा स्वतः भरायला म्हणून मोटरच्या बटणापाशी दोन मिनिटं उभा राहून आबांना विचारत होता, किती वेळ चालू ठेवायची, कुठे बंद करायची. तो गेल्यावर आबा सोफ्यावर आडवे झाले होते, लुंगी गुडघ्यापर्यंत वर, डोळे मिटलेले, पण जागे. मयुरी बेडरूमच्या उंबऱ्यात बसून बादलीकडे पाहत होती. महिनाभर ती या आवाजाने दचकून उठत आली होती. आता तो जरा मंदावला, दोन थेंबांत जरा जास्त अंतर पडलं, की तिचा जीव वरखाली व्हायचा.

“आबा,” ती म्हणाली, “कमी झालंय.”

आबा उठले, चपला शोधू लागले.